घरची विहीर: उपसा, टीसीएल आणि पाण्याच्या नेहमीच्या तक्रारी

विहिरीचं पाणी बिघडलं की पहिली धाव टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पिशवीकडे असते आणि दुसरी फिल्टरच्या दुकानाकडे. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिली फेरी विहिरीभोवती मारावी. उघड्या विहिरीचं पाणी बहुतेक वेळा वरून आणि बाजूने बिघडतं. कठड्याच्या फटीतून, ओट्याच्या भेगेतून, चढावरच्या शोषखड्ड्यातून, दोराला लागलेल्या चिखलातून घाण आत जाते. खालच्या झऱ्याचा दोष त्या मानाने कमी वेळा असतो. या वाटा बंद न करता औषध टाकत राहिलात तर ते कायमच टाकत राहावं लागेल, आणि तरीही जुलैत घरात कुणाचं तरी पोट बिघडेल.

इथे डोळ्यांसमोर आहे ती कोकणातली, गोव्यातली जांभ्यातली घरगुती विहीर. ८ ते १२ फूट व्यास, चिऱ्यांचं बांधकाम, वर कठडा, एखादा रहाट आणि जोडीला अर्धा-एक एचपीचा पंप. देशावरच्या काळ्या पाषाणातल्या विहिरीला यातलं बरंच तसंच लागू पडतं. जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

जांभ्याचा एक स्वभाव आधी लक्षात घ्या. हा दगड सच्छिद्र आहे, त्यात पोकळ्या आणि नळ्यांसारख्या वाटा असतात. पावसाचं पाणी त्यात झटकन मुरतं आणि तसंच झटकन उताराला निघून जातं. म्हणून ३००० मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात तळ दिसतो. त्याच वाटांनी घाणही लवकर आणि न गाळता पोहोचते. बारीक मातीतून झिरपताना पाणी जेवढं गाळलं जातं, तेवढं जांभ्यातून जात नाही.

आधी विहिरीभोवती फिरा

ही फेरी दोनदा करा. एकदा एप्रिलमध्ये कोरड्यात आणि एकदा जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन. खरी माहिती दुसऱ्या फेरीत मिळते. अंगणातलं पाणी कुठून कुठे वाहतंय, पागोळ्या कुठे पडतात, गोठ्याचं धुवण कोणत्या बाजूला जातं, हे पावसातच दिसतं.

कठडा जमिनीपासून निदान अडीच-तीन फूट उंच हवा आणि त्याला खालच्या बाजूला एकही फट नको. कठड्याभोवती सिमेंटचा ओटा हवा, किमान ३ फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला. ओट्याच्या कडेने छोटी गटार काढून सांडलेलं पाणी दूर माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात न्यावं. ओट्याला भेग पडली असेल तर तिच्यात तांब्याभर पाणी ओतून पाहा. ते तिथेच जिरत असेल तर कपड्यांचा साबण आणि भांड्यांचं खरकटं त्याच वाटेने आत जात आहे. भेग छिन्नीने व्ही आकारात उघडून, स्वच्छ धुऊन, मग सिमेंट भरा. वरून नुसता हात फिरवला तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. कपडे आणि भांडी विहिरीच्या ओट्यावर धुऊच नयेत, त्यासाठी दगड लांब ठेवावा.

आता आतून पाहा. वरच्या १० फुटांतल्या चिऱ्यांच्या दरजा (सांध्यातल्या फटी) सिमेंटने घट्ट भरलेल्या हव्यात, कारण जमिनीच्या वरच्या थरातून झिरपणारं पाणी सर्वांत घाण असतं. त्याखालच्या दरजा मोकळ्याच ठेवायच्या, पाणी तिथूनच येतं. काही जण तळापासून वरपर्यंत प्लॅस्टर करून घेतात. विहीर दिसायला सुरेख होते, पण झरे बुजतात आणि बाहेरच्या पाण्याचा दाब बांधकामावर येतो.

दरजांमध्ये उगवलेल्या पिंपळ, वड, उंबराच्या रोपांना बोटभर असतानाच मुळासकट काढा. मनगटाएवढं मूळ झालं की ते चिरे पुढे ढकलतं. मूळ मारायला तणनाशक किंवा ॲसिड विहिरीत कधीही वापरू नका. नेचे आणि शेवाळ मात्र खालच्या ओल्या भागात असले तर बांधकामाला धक्का लावत नाहीत.

मग अंतरं मोजा. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब हवा असा सर्वसाधारण नियम आहे. जांभ्यात मी १०० फूट धरा म्हणेन, आणि शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला हवा, चढाच्या बाजूला नको. गोठा, शेणखड्डा आणि उकिरडा यांनाही हेच लागू. शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या चढाला असेल तर अंतर कुंपण ओलांडून मोजावं लागतं, आणि ते बोलणं घर बांधायच्या आधी झालं तर सगळ्यांचंच भलं होतं.

तोंडावरची जाळी

विहीर उघडी ठेवू नका. लोखंडी किंवा स्टीलच्या चौकटीवर मजबूत वेल्डेड जाळी, तिच्यावर बारीक नायलॉनची जाळी आणि पोहरा सोडण्यापुरतं झाकण, एवढं पुरतं. मजबूत जाळी मुलांसाठी आणि गुरांसाठी, बारीक जाळी पाचोळा, बेडूक आणि डासांसाठी. पत्र्याने तोंड पूर्ण बंद केलं तर आतली हवा कोंडते, म्हणून पत्रा घातलाच तर जाळी लावलेली हवेची वाट ठेवा. फणस-आंब्याची फांदी विहिरीवर आली असेल तर ती छाटा. पाचोळा तळाशी कुजतो, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो आणि त्यातूनच पुढचा वास आणि काळा गाळ तयार होतो.

डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडणं हा चांगला उपाय आहे. मात्र टीसीएलचा मोठा डोस द्यायच्या आधी ते काढून टाकीत ठेवावे लागतात, नाहीतर मरतात आणि पाणी सडवतात. ओढायचा दोर जमिनीवर पडू देऊ नका. कठड्यावर खुंटी मारा, दोर आणि पोहरा तिथेच टांगा, आणि प्रत्येकाने आपापली कळशी थेट आत सोडायची पद्धत बंद करा.

उपसा: आत उतरण्याआधी

उपशाची वेळ एप्रिलचा शेवट ते मेचे पहिले तीन आठवडे, पाणी सर्वांत खाली असताना आणि मृगाच्या आधी. दरवर्षी गाळ काढलाच पाहिजे असं नाही. तळाला वीतभरापेक्षा जास्त गाळ साचला, पाण्याला वास आला किंवा झरे मंदावले की काढा.

इथे थोडं थांबून सगळं नीट वाचा, कारण विहिरीत माणसं बुडण्याने जातात तशीच हवेनेही जातात. एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वाकडी गावात बायोगॅसच्या शेणाच्या स्लरीसाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा, आणि ५ जण गेले. अशा अपघातांत पुष्कळदा असंच होतं. पहिल्याला गॅस लागतो आणि बाकीचे त्याला वाचवायला जाऊन पडतात.

खोल, बंद किंवा कुजका गाळ असलेल्या विहिरीत ऑक्सिजन कमी असतो. कार्बन डायऑक्साईड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाईड सुटतो, आणि हा गॅस जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. पेटता कंदील किंवा मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी पद्धत अर्धीच खरी आहे. ज्योत विझली तर उतरायचं नाही हे नक्की. ज्योत टिकली म्हणजे हवा सुरक्षित असं मात्र नाही, कारण विषारी गॅस ज्योतीला विझवत नाहीत. शेण-स्लरीच्या खड्ड्याजवळ तर ज्योत नेऊच नका, तिथे मिथेन पेटतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी जाळी पूर्ण काढून विहीर उघडी ठेवा. पंपाचा वीजपुरवठा मुख्य स्विचवरून बंद करा, नुसत्या बटणावर भरवसा नको. उपशासाठी डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप आणलात तर तो वर, कठड्यापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. तो आत उतरवला तर कार्बन मोनॉक्साईडने माणूस मिनिटांत कोसळतो. पाणी उपसल्यावर ब्लोअरने नळीतून तळापर्यंत अर्धा तास हवा सोडा. ब्लोअर नसेल तर पाल्याची मोठी जुडी दोराला बांधून पुन्हा पुन्हा खालीवर करा आणि वरून बादल्यांनी पाणी मारा. हा ब्लोअरला पर्याय नाही, काहीच न करण्यापेक्षा बरा एवढंच. विहीर खोल, वर्षानुवर्षं बंद किंवा वास मारणारी असेल तर गॅस मोजायचं यंत्र असलेल्या माणसाशिवाय कुणालाही उतरवू नका.

उतरणाऱ्याच्या छातीला आणि मांड्यांना पट्टा हवा, त्याला वेगळा दोर हवा आणि तो दोर धरणारी निदान दोन माणसं वर हवीत. दर दोन मिनिटांनी हाक द्यायची. उत्तर आलं नाही तर ओढून काढायचं, खाली कुणीही उतरायचं नाही. विहिरीच्या कामाची सवय नसलेल्या घरच्या मुलाला हौसेने आत पाठवू नका, या कामाला सरावलेली माणसं जवळपासच्या गावांत मिळतात.

उपसा: प्रत्यक्ष काम

पाणी वेगाने उपसू नका. बाहेरची जमीन ओली असताना आतलं पाणी एकदम काढलं तर मागच्या पाण्याचा दाब चिऱ्यांवर येतो आणि बांधकाम आत ढासळू शकतं. मेमध्ये हा धोका कमी, पावसाळ्यात फार मोठा.

तळ उघडा पडला की आधी हाताने येणारा कचरा काढा: बाटल्या, तुटलेला पोहरा, नारळाची सालं. मग फावड्याने गाळ घमेल्यात भरून वर. हा गाळ विहिरीच्या काठावर टाकायचा नाही, पहिल्या पावसात परत आत येतो. आंब्याच्या बागेत लांब नेऊन टाका. झऱ्यांची तोंडं हाताने किंवा लाकडी काठीने मोकळी करा. पहारीने झरा मोठा करायच्या नादात खडकाला नवी भेग पडते आणि पाणी दुसऱ्याच वाटेने निघून जातं.

भिंती साध्या पाण्याने आणि ताठ ब्रशने, वरून खाली घासत या. शेवटचं गढूळ पाणीही काढून टाका. तळाला चांगला धुतलेला खडीचा किंवा जाड वाळूचा वीतभर थर दिला तर पंप चालू होताना गाळ उठत नाही. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या खालच्या तोंडाची झडप) तळापासून दोन-तीन फूट वर ठेवा.

ब्लीचिंगचं पाणी भिंतींवर मारायचं ते माणूस वर आल्यानंतर, वरून पाईपने. आत माणूस असताना क्लोरीनची वाफ कोंडते. २० लिटर पाण्यात १२ ते १५ ग्रॅम टीसीएल एवढं तीव्र पाणी पुरतं.

टीसीएल: किती, कसं, कधी

आधी पाणी मोजा. गोल विहिरीसाठी हिशोब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, तिन्ही फुटांत, त्याला ०.७८५ ने गुणायचं. आलेल्या घनफुटांना २८.३ ने गुणलं की लिटर मिळतात. १० फूट व्यास आणि १२ फूट पाणी असेल तर १० × १० × १२ × ०.७८५ म्हणजे ९४२ घनफूट, साधारण २६,७०० लिटर. पाण्याची खोली दोराला दगड बांधून, भिजलेला भाग मोजून कळते. अंदाजाने "दोन मुठी" टाकण्यात काही अर्थ नाही. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, जास्त झालं तर पाणी तोंडात धरवत नाही आणि लोक ओहोळाचं पाणी प्यायला लागतात.

ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की तो उडून जातो. नाकाला झोंबणारा वास येत नसेल, पावडरीच्या गुठळ्या झाल्या असतील तर ती टाकून द्या. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ॲसिड, फिनेल किंवा टॉयलेट क्लीनरच्या जवळ नको, त्यांच्याशी मिसळलं की विषारी गॅस सुटतो.

डोस दोन प्रकारचा असतो आणि दोघांची गल्लत करू नका.

उपशानंतर, मेलेला प्राणी काढल्यानंतर किंवा पूर ओसरल्यानंतर मोठा डोस द्यायचा: दर १००० लिटरला १५० ग्रॅम. मेमध्ये १० फुटी विहिरीत ४ फूट पाणी भरलं तर ते ८,९०० लिटर होतं, म्हणजे सुमारे १.३ किलो. हे पाणी २४ तास तसंच ठेवायचं. त्याआधी पंप चालू करून घरातल्या प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं आणि नळ बंद करायचे, म्हणजे पाईपही निर्जंतुक होतात. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसा. हे पाणी ओहोळात, मासे असलेल्या डबक्यात किंवा रोपांच्या आळ्यात सोडू नका, मोकळ्या कातळावर सोडा. या २४ तासांचं पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवायला विसरू नका.

नेहमीचा डोस वेगळा: स्वच्छ पाण्याला दर १००० लिटरला २.५ ग्रॅम, पावसाळ्यात गढूळपणा असेल तर ५ ग्रॅमपर्यंत. २६,७०० लिटरच्या विहिरीला म्हणजे साधारण ६७ ते १३३ ग्रॅम. द्यायची रीत अशी:

१. प्लॅस्टिकच्या बादलीत मोजलेली पावडर घ्या, एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त नको. थोड्या पाण्यात लाकडी दांड्याने लगदा करा. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा आणि पाठीला वारा.

२. पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि ५ ते १० मिनिटं स्थिर ठेवा. चुना खाली बसेल.

३. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत काढा. खालचा चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड होतं.

४. निवळ भरलेली बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि खालीवर, आजूबाजूला हलवत राहा, म्हणजे औषध सगळीकडे मिसळेल.

५. एक तास पाणी काढू नका. मग ओटी चाचणी करा. पाण्यात ओटीचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो, तो पट्टीशी जुळवायचा. विहिरीत ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर उरला पाहिजे, घरच्या नळाला निदान ०.२. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटीचा संच असतो, मागा.

हे संध्याकाळी, दिवसाचं पाणी भरून झाल्यावर करा. उघड्या विहिरीतला क्लोरीन उन्हात फार टिकत नाही आणि प्रत्येक सरीबरोबर नवं पाणी येत राहतं. जिथे हे वारंवार जमत नाही तिथे नागपूरच्या नीरी संस्थेने काढलेली दुहेरी मडक्याची पद्धत उपयोगी आहे. आतल्या मडक्यात १ किलो ब्लीचिंग पावडर आणि २ किलो जाड वाळू किंचित ओली करून भरतात. आतल्या मडक्याला काठाजवळ एक भोक, बाहेरच्याला तळाच्या थोडं वर एक भोक. बाहेरच्या मडक्याचं तोंड प्लॅस्टिकने बांधून दोराने पाण्याखाली मीटरभर सोडायचं. सुमारे ४,५०० लिटर पाण्याच्या आणि रोज ४०० लिटरच्या आसपास उपसा असलेल्या लहान विहिरीला ते २ ते ३ आठवडे पुरतं. मोठ्या विहिरीला एक जोडी अपुरी पडते.

पिण्याच्या पाण्यासाठी माझा भरवसा पावसाळाभर उकळण्यावरच आहे. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर पुरेसं, २० मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून थंड करा आणि ओगराळ्याने काढा.

तपासणी

डोळ्यांना स्वच्छ दिसणारं पाणी जंतूंनी भरलेलं असू शकतं, म्हणून तपासणीला पर्याय नाही. वर्षातून दोनदा जंतूंची तपासणी, एक पाऊस सुरू झाल्यावर आणि एक उन्हाळ्यात. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा पुरे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा हे काम करतात. जलजीवन मिशनमधून गावागावांत दिलेले फिल्ड टेस्ट किट आणि एचटूएस व्हायल (जंतू ओळखायची छोटी बाटली) पहिल्या अंदाजाला चांगले आहेत. व्हायलमधलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी दूषित धरायचं.

जंतूंच्या नमुन्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. ती विसळायची नाही आणि झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. रसायनांच्या नमुन्याची कॅन मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची. टीसीएल टाकल्यावर लगेच नमुना घेतला तर अहवाल खोटा चांगला येतो, आठवडाभर थांबा.

अहवाल वाचताना आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाचे आकडे हाताशी ठेवा. ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. पीएच ६.५ ते ८.५. विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणा याच रीतीने २०० आणि ६००, क्लोराईड २५० आणि १०००, फ्लोराईड १ आणि १.५. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सवलत नाही.

तक्रारी, एकेक करून

कोणतीही तक्रार असो, आधी दोन पांढऱ्या भांड्यांत पाणी घ्या. एकात पोहऱ्याने थेट विहिरीतलं, दुसऱ्यात सकाळी पहिल्यांदा सोडलेल्या नळाचं. दोष फक्त नळाच्या पाण्यात असेल तर विहिरीला हात लावू नका, टाकी आणि पाईप पाहा.

पाणी लाल येतं, कपड्यांवर डाग पडतात. नळातच लाल असेल तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप गंजतोय. विहिरीतलंही काढल्यावर स्वच्छ आणि तासाभराने पिवळसर होत असेल तर त्यात विरघळलेलं लोह आहे. अशा पाण्याचा कोरा चहा काळपट-निळसर होतो. टीसीएल टाकल्यावर पाणी एकदम तांबडं झालं तरी घाबरू नका, क्लोरीनने लोहाचा गंज होऊन तो दिसू लागतो आणि खाली बसतो. उपाय म्हणजे हवा लावणं. पाणी भोकं पाडलेल्या ताटातून दोन-तीन फुटांवरून ड्रममध्ये पडू द्या, साचवा, मग दीड-दोन फूट वाळूच्या थरातून गाळा आणि वाळू वेळोवेळी धुवा. पाणी आंबट, म्हणजे पीएच ७ च्या खाली असेल तर लोह हवेने फार हळू बसतं. तिथे आधी चुनखडी किंवा संगमरवराच्या खड्यांचा थर द्यावा लागतो.

पाण्यावर तेलकट साय दिसते. काडीने ढकलून पाहा. काचेसारखी तुटून तुकडे वेगळे राहिले तर ते लोहजीवाणू. तुकडे पुन्हा एक झाले तर ते खरंच तेल आहे, पंपाचं सील तपासा आणि तोवर पाणी पिऊ नका. लोहजीवाणूंचा चिकट थर भिंतीवरून आणि पाईपमधून घासून काढून मोठा डोस द्यावा लागतो, आणि ते काही महिन्यांनी परत येतात हे धरून चला.

नळ, पाईप लवकर गंजतात, पितळेवर निळे-हिरवे डाग येतात. जांभ्यातलं पाणी मृदू आणि किंचित आम्ल असतं, त्याचा हा परिणाम. जीआयऐवजी प्लॅस्टिकचे पाईप घाला आणि असं पाणी तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवून पिऊ नका. या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात, तेव्हा आरओ यंत्र घेण्यात पैसे घालवू नका. ते पाण्याचा मोठा भाग वाया घालवतं आणि तुमच्या पाण्यातून काढण्यासारखं त्याला फार काही सापडत नाही. जंतूंचीच भीती असेल तर उकळणं किंवा साधा यूव्ही फिल्टर पुरतो.

पावसात गढूळ होतं. ही तक्रार म्हणजे वरची वाट उघडी असल्याची खूण. पावसानंतर काही तासांतच गढूळ झालं तर कठडा-ओटा, दोन-तीन दिवसांनी झालं तर झऱ्याची वाट. तात्पुरतं २० लिटरच्या हंड्यात अर्धा ते एक ग्रॅम तुरटी विरघळवून निवळू द्या. मृदू पाण्यात तुरटीने गाळ नीट धरला नाही तर पाण्यात क्षारता कमी आहे, चिमूटभर खाण्याचा चुना लागतो. तुरटीने जंतू मरत नाहीत. निवळलेलं पाणी उकळावंच लागतं.

सडक्या अंड्याचा वास. तळाला कुजका गाळ असला तर हा वास येतो, उपसा हाच उपाय. पाण्यावर साबणासारखा फेस राहतो आणि अहवालात नायट्रेट व क्लोराईड दोन्ही आसपासच्या विहिरींपेक्षा वाढलेले आहेत, असं दिसलं तर शोषखड्डा विहिरीत येतोय. तिथे टीसीएलने समाधान मानू नका, खड्डा हलवा.

उन्हाळ्यात खारट. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी १ फूट खाली गेली की खालचं खारं सुमारे ४० फूट वर सरकू शकतं. म्हणून विहीर खोल करणं आणि मोठा पंप लावणं हा तिथे उपाय नाही, त्याने नुकसानच होतं. लहान पंप, दिवसातून अनेकदा थोडा थोडा उपसा आणि मधे विश्रांती. किनाऱ्यावर वाडीसाठी बोअर मारताना हे शेजाऱ्यांशी मिळून ठरवायला हवं.

देशावर वेगळ्या तक्रारी असतात. बेसॉल्टमधलं पाणी जड, डाळ शिजत नाही, गिझरला पापुद्रे येतात. हा त्रास असला तरी सहसा धोका नसतो. धोका दिसत नाही त्या दोन गोष्टींचा. खताच्या शेतालगतच्या विहिरीत नायट्रेट, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत फ्लोराईड. दोन्हींना रंग, वास, चव नाही. दोन्ही उकळल्याने जात नाहीत, उलट पाणी आटून वाढतात. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात अजिबात वापरू नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षारच इतके असतात की विहिरीच्या डागडुजीने फरक पडत नाही. अशा ठिकाणी आरओला खरा अर्थ आहे, किंवा पिण्यापुरतं छपराचं पाणी स्वतंत्र टाकीत साठवणं.

छपराचं पाणी थेट पिण्याच्या विहिरीत सोडू नका. कौलांवरची पक्ष्यांची विष्ठा आणि पाचोळा त्यासोबत जातो. पुनर्भरण करायचं तर विहिरीपासून लांब, चढाच्या बाजूला खडी-वाळूचा खड्डा घ्या, पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी वगळा आणि जमिनीला ते गाळू द्या.

वही

एक साधी वही ठेवा. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तुम्हीही त्याच महिन्यांत कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहा. सोबत उपशाची तारीख, टीसीएलचे ग्रॅम आणि अहवालाचे आकडे. चार-पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की पातळी खरंच घटतेय की यंदाचा पाऊसच उशिरा आहे, हे भांडण न करता सांगता येतं.

पुराचं पाणी शिरलं तर

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा घरांबरोबर विहिरीही बुडाल्या. अशा विहिरीचं पाणी पुरानंतर भांडी धुवायलाही वापरू नका. पंपाच्या मोटरला आणि स्विचबोर्डाला इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत हात लावू नका. घाईने विहीर रिकामी करू नका. भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असते आणि अशा वेळी चिरे आत येतात. वरचा तरंगता कचरा जाळीने काढा, आसपासच्या जमिनीतलं पाणी उतरेपर्यंत थांबा, मग टप्प्याटप्प्याने उपसा, गाळ काढा, मोठा डोस द्या आणि २४ तासांनी पुन्हा उपसा. आठवड्याने नमुना पाठवा. ई. कोलाय निघाला तर डोस पुन्हा, नमुना पुन्हा. अहवाल स्वच्छ येईपर्यंत पिण्याचं पाणी टँकरचं किंवा पुरात न बुडालेल्या विहिरीचं आणा. तेही उकळून, किंवा आरोग्य सेविकेने दिलेल्या मेडिक्लोरचे (क्लोरीनच्या द्रावणाचे) बाटलीवर लिहिल्याप्रमाणे थेंब टाकून, अर्धा तास थांबून.